पंचविशीची अट कागदावर आहेच, ती काउंटरवर आणा

विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर आला की तुम्ही अधिवेशनासाठी आमच्या गावी, नागपूरला येता. वर्षभर न बुजलेले खड्डे आठवडाभरात बुजतात, दुभाजकांना रंग लागतो, रविभवनाकडच्या झाडांची छाटणी होते. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात आणि शिष्टमंडळं निवेदनं घेऊन आत जातात. त्या निवेदनांच्या गठ्ठ्यात या खेपेला आमच्या मानेवाडा रोडकडच्या वस्तीतलंही एक असेल. मागणी अशी : दारू विकत घेण्याचं वय वाढवा. बिअरला २१ आहे ते २५ करा, बाकी दारूला २५ आहे ते ३० करा.

हे निवेदन घेऊन शेजारचे निवृत्त मास्तर आणि महिला मंडळाच्या दोन काकू माझ्याकडे सहीला आल्या होत्या. माणसं चांगली आहेत. संध्याकाळी बिअर शॉपीपुढून क्लासला जाणाऱ्या मुलींना रस्ता बदलावा लागतो, हे त्यांचं दुखणं खोटं नाही. तरी मी सही केली नाही. का केली नाही, हे गेटवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. मास्तर जरा रागावूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही त्यांना नाही, तुम्हाला. कायदा तुम्ही करता आणि तो पाळला जातो की नाही हे विचारण्याचा अधिकारही तुमचाच आहे.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे नंतर कोणी खोदून काढायला नको. मी कर सल्लागार आहे. किराणा, हार्डवेअर, कोल्हापूरहून चपला आणून विकणारे, अशा पन्नास पार्ट्यांमध्ये माझ्याकडे दोन वाइन शॉप, एक बिअर शॉपी, एक परमिट रूम आणि एका देशी दुकानाचीही खाती आहेत. म्हणजे दारूवाल्यांची फी माझ्या खिशात येते. माझ्या म्हणण्यातून त्यासाठी जे वजा करायचं ते खुशाल करा. मी कधीमधी घेतो, आणि माझ्याकडे परवाना आहे. आजीवन, हजार रुपये भरून काढलेला. तो काढला तेव्हा घरात सगळे हसले होते. आजवर तो मला एकाही दुकानदाराने, बारवाल्याने, वेटरने मागितलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. निवेदनावर सह्या करणाऱ्या बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट ही की देशात दारूसाठी वयाची जी सगळ्यात वरची अट आहे, ती महाराष्ट्रात आजच लागू आहे. बिअरसारख्या सौम्य दारूला २१, बाकीच्या दारूला २५. २०११ सालच्या व्यसनमुक्ती धोरणाने पंचविशीवर जोर दिला तेव्हा चर्चा झाली, अभिनेता इमरान खान त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला, वर्तमानपत्रांत पंधरा दिवस मजकूर आला आणि मग सगळे विसरून गेले. गोव्यात हेच वय १८ आहे. पलीकडे सौसरला, म्हणजे मध्य प्रदेशात, २१. केरळने काही वर्षांपूर्वी २१ चं २३ केलं. हरियाणाने २०२१ साली उलट २५ वरून २१ वर आणलं. दिल्ली आपल्यासोबत २५ वर आहे. याच्यावर कोणीही नाही, जिथे बंदीच आहे ती राज्यं सोडून.

सहज आठवलं म्हणून सांगतो : विधानसभेला उभं राहायलाही संविधानाने २५ वर्षंच मागितली आहेत. ते वय मात्र निवडणूक अधिकारी कागदावर बोट ठेवून तपासतो. क्वार्टरचं वय कोण तपासतं ते पुढे सांगतो.

आपल्याकडे पिणाऱ्याला परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ही शेपटी अजून आहे. ज्याच्याकडे वर्षाचा किंवा आजीवन परवाना नाही त्याला दुकानातच एक दिवसाचा परवाना देण्याची सोय आहे. वर्षानुवर्षं त्याचा दर विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन. गिऱ्हाइकाने नाव, पत्ता, वय सांगायचं, दुकानदाराने पावती फाडायची, मग बाटली द्यायची. म्हणजे वयाची अट जिथे जमिनीला टेकते ती जागा ही : पाच रुपयांच्या पावतीवरचा वयाचा रकाना.

ती पावती कशी फाटते ते मी समोर बसून बघितलं आहे. दुपारी तीनची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. मी विक्रीची बिलं आणि स्टॉक रजिस्टर जुळवत होतो आणि समोर दुकानाचा मॅनेजर चहाचा कप बाजूला ठेवून परवान्यांचं पॅड भरत होता. एकटाच. सकाळपासून गेलेल्या बाटल्यांच्या हिशेबाने. संजय वानखेडे, वय ३८, राहणार नंदनवन. प्रकाश मेश्राम, वय ४१, राहणार वाडी. राजू ठाकरे, वय ३५, राहणार सक्करदरा. नावं त्याच्या डोक्यातून येत होती. आडनाव एकदा वर, एकदा खाली, पेन कधी निळं, कधी काळं, म्हणजे एकाच हाताने लिहिलेलं वाटू नये. अशी पानामागून पानं. मी वयाचा रकाना सहज चाळला. तिशीच्या खाली एकही माणूस नव्हता.

त्याला विचारलं, हे काय. तो हसला. ‘‘साहेब, वय इचाराले गेलो तं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. म्या नाई देल्ली तं तो देते न. मंग मालक मले इचारते, धंदा काऊन पडला.’’

मास्तरांच्या निवेदनावर मी सही का केली नाही, याचं उत्तर त्या पॅडात आहे. तुम्ही उद्या २५ चं ३० केलं तरी त्या मॅनेजरला एका अक्षराचा फरक करावा लागणार नाही. त्याच्या कागदावर नागपुरात तिशीच्या आतलं कोणी दारू पीतच नाही. चाळीस करा. फार तर संजय वानखेडे अडतीसचा अठ्ठेचाळीसचा होईल.

आणि त्याच दुकानापुढे रात्री साडेनऊला उभं राहा. दुकानांना सगळीकडे आता लोखंडी जाळी असते, मध्ये हात जाईल एवढी खिडकी. खिडकीपुढे रांग नसते, रेटा असतो. जाळीतून पाचशेच्या नोटा आत जातात, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर येतात. आतल्या माणसाला हात दिसतो, तोंड दिसत नाही. त्या रेट्यात पाठीला बॅग लावलेली पोट्टी असतात, हनुवटीवर अजून नीट दाढी नसलेली. ‘‘भाऊ, दोन कॅन द्या न, थंडे.’’ आतून एकच प्रश्न येतो : ‘‘कोणते?’’ बाजूला चखन्याचा ठेला आहे, उकडलेली अंडी, चणे-फुटाणे, पाण्याचे पाऊच, प्लास्टिकचे ग्लास. तिथून सगळी मंडळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर जातात. हे फक्त माझ्याच पार्टीच्या दुकानापुढे होतं असं समजू नका. मानेवाड्यापासून अमरावती रोडपर्यंत कुठेही हेच दिसेल.

तुम्ही म्हणाल, तरुण मुलांचं वय बघून ओळखणं अवघड असतं. खरं आहे. म्हणूनच तर ओळखपत्र बघायचं असतं. मोबाइलचं सिम घ्यायला ओळखपत्र आणि फोटो लागतो. त्याच पोराला पुढच्या दुकानात व्हिस्की घ्यायला फक्त पैसे लागतात. यंत्रणा उभी करता येत नाही असं कोणी सांगू नये. बऱ्याच वाइन शॉपमध्ये आज संगणकीय बिल, कॅमेरा आहे. बाटली कोणत्या कारखान्यातून कधी निघाली हे सांगता येतं. ती कोणाच्या हातात गेली, एवढंच आपल्याला जाणून घ्यायचं नाही.

पुण्याची गोष्ट तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो बारमध्ये दारू पिऊन आला होता, असं पोलिसांचं म्हणणं. नंतर धाडी पडल्या, बारना टाळी लागली, सभागृहात भाषणं झाली. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही : देशातली सगळ्यात कडक वयाची अट ज्या राज्यात आहे, तिथे सतराव्या वर्षी टेबलावर ग्लास कसा येतो? अट आठ वर्षांनी हुकली होती. ती तेरा वर्षांनी हुकली असती तर काय निराळं झालं असतं?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मास्तर म्हणतील, हा वकिली करतो. वयाची अट हा प्रकारच निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. मेंदूचा जो भाग आपल्याला ‘थांब’ म्हणतो तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो, असं डॉक्टर सांगतात. जो लहान वयात सुरू करतो त्याला पुढे सवय जडण्याची शक्यता जास्त, हेही संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि अमेरिकेचा दाखला तर मोठा आहे. तिथे सत्तरच्या दशकात बऱ्याच राज्यांनी हे वय २१ वरून खाली आणलं आणि तरुण पोरांचे रस्त्यावरचे मृत्यू वाढले. मग १९८४ साली केंद्राने कायदा केला : जे राज्य २१ करणार नाही त्याच्या महामार्गाच्या निधीला कात्री. चार वर्षांत सगळी राज्यं वठणीवर आली. या अटीमुळे तेव्हापासून तीस हजारांवर जीव वाचले, असा तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. हे मी नाकारत नाही.

पण तिथे नुसतं वय वाढवून ते थांबले नाहीत. दुकानदार प्रत्येक कोवळ्या चेहऱ्याकडे ओळखपत्र मागतो, कारण समोरचं पोरगं पोलिसांनीच पाठवलेलं असू शकतं, याची त्याला धास्ती असते. विकली तर दंड, पुन्हा विकली तर परवाना धोक्यात. २१ च्या आतला मुलगा गाडी चालवताना सापडला तर त्याच्यासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा जवळपास शून्य. पैसा अडवला तर राज्य सरकारंसुद्धा सरळ येतात, हे त्या कायद्याचं मर्म होतं. आकडा १८ की २१ हे नंतरचं. आपण त्यातला आकडा उचलला, आणि तोही चार वर्षं वाढवून. बाकीचं सगळं तिकडेच ठेवलं.

आपल्याला बंदीचाही अनुभव आहे, आणि तो नागपूरच्या उंबऱ्यावरचा आहे. बंदी म्हणजे काय, वयाची अट थेट शंभरावर नेणंच की. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. बुटीबोरी ओलांडली की कायद्याने कोणत्याही वयाच्या माणसाला बाटली मिळू नये. ती मिळते, आणि बरीचशी आमच्याच जिल्ह्यातून जाते. भाजीच्या गाडीत, दुधाच्या कॅनमध्ये, डिकीच्या चोरकप्प्यात पकडल्याच्या बातम्या इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत की पेपरवाले त्या आतल्या पानावर दोन ओळींत उरकतात. चंद्रपूरची गोष्ट तर तुमच्या डोळ्यांसमोरची. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून हजारो बाया पायी चालत इथे अधिवेशनावर आल्या होत्या. थंडीत, लेकरं कडेवर घेऊन. त्यांच्या रेट्यामुळे एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी लागली. २०२१ साली, रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर, ती उठवली. कारण दिलं गेलं ते असं की अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, लहान मुलं आणि बायासुद्धा त्या धंद्यात ओढल्या गेल्या. मला त्या निर्णयावर भाष्य करायचं नाही. ज्या बाया चिमूरहून चालत आल्या होत्या त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मात्र येतो. त्यांना आदेश मिळाला, तो राबवणारी माणसं मिळाली नाहीत.

गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथला अनुभव थोडा वेगळा सांगतात. २०१६ पासून तिथे डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासनाबरोबर ‘मुक्तिपथ’ चालवलं : गावोगावी संघटना, गावातली विक्री गावानेच बंद करणं, आणि पिणाऱ्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी उपचार. दारू संपली असं तेही म्हणत नाहीत. पण बंदीच्या हुकमाला तिथे हातपाय आहेत, हे कबूल करावं लागतं.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे ते. आपण सगळे कॉलेजच्या पोरांवर बोलतो, कारण ती रस्त्यावर दिसतात, गोंधळ घालतात, रील बनवतात. पण दारूने ज्यांची घरं बसली ते लोक बहुतांशी त्या वयाचे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा : पुरुषांमध्ये पिणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त पस्तीस ते पन्नासच्या टप्प्यात असतं. त्यांना २५ ची अट लागू नाही, ३० चीही होणार नाही.

मी ज्या देशी दुकानाची खाती बघतो तिथे बिलिंग संगणकावर आहे, त्यामुळे तासाप्रमाणे विक्री निघते. एकदा मी ती काढून बघितली, कामाची गरज नव्हती, कुतूहल म्हणून. मला वाटायचं विक्रीचा भर संध्याकाळी असेल. संध्याकाळी तो आहेच. पण सकाळी, दुकान उघडल्यापासून दहा वाजेपर्यंत, दुसरा एक उंचवटा आहे, आणि त्या वेळी जवळजवळ सगळी विक्री नव्वद मिलीच्या बाटलीची. दुकानापासून दोनशे पावलांवर मजुरांचा ठिय्या आहे. गवंडी, बेलदार, रंगकाम करणारे, हमाल. कामावर जाण्याआधी हाताची थरथर थांबवायला एक नव्वद. पाण्याशिवाय, उभ्या उभ्या, बाटली तिथेच नालीत. ठेकेदाराची गाडी आली की चढायचं आणि तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर विटा वाहायच्या. त्या रांगेत मला एकही वीस-बावीसचा पोरगा दिसला नाही. चाळिशीचे, पन्नाशीचे बाप होते. ज्याला सकाळी आठला दारू लागते त्याला शौकीन म्हणत नाहीत, तो आजारी असतो. त्याला दुकान वयाची अट दाखवणार, की उशिरा उघडणार, की कोणी दवाखान्याचा रस्ता दाखवणार?

दवाखान्यावरून आठवलं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेली पाहणी २०१९ साली आली. दारूमुळे अडचणीत असलेले, मदतीची गरज असलेले भारतीय साधारण ५ कोटी ७० लाख, असं त्यात म्हटलं आहे. त्यातले जे पूर्ण अवलंबून झालेले, त्यांच्यापैकी ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मागे एक. उरलेल्यांचं काय होतं? ते पडतात, पिवळे होतात, पोटात पाणी होऊन मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाच्या, वॉर्डात येतात, म्हणजे अगदी शेवटच्या स्टेशनवर. त्याआधीचं एकही स्टेशन त्यांच्या वाटेत नव्हतं. खासगी व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाट्या शहरात ठिकठिकाणी आहेत, पण महिन्याचे पैसे ऐकून बायका परत फिरतात. कोराडी रोडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायचं म्हटलं तर नवरा म्हणतो, मला वेडा ठरवता का.

आणि पैसा नाही असं तुम्ही म्हणू शकत नाही. उत्पादन शुल्कातून राज्याला वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात. जून २०२५ मध्ये तुम्ही कर वाढवला, वर्षाला आणखी १४ हजार कोटी मिळावेत म्हणून. १८० मिलीला देशीचा किमान दर ८० रुपये, नव्याने आणलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा १४८, विदेशीचा २०५, उंची विदेशीचा ३६०. माझ्या पार्ट्यांनी तेव्हा बरीच बोंब मारली, जुलैत बारवाल्यांनी एक दिवस बंदही पाळला. मला विचाराल तर किंमत हे हत्यार वयापेक्षा धारदार आहे. पव्वा महागला की खिडकीपुढचं पोरगंही विचार करतं आणि ठिय्यावरचा माणूसही. पण मग २०५ परवडेनासं झालेल्यासाठी १४८ ची नवी पायरी बांधून देण्याचं काय कारण? तो एक तर थांबला असता किंवा कमी प्याला असता. तिजोरीला तो थांबलेला नको होता. आणि त्या वाढीव १४ हजार कोटींतला कोणता हिस्सा उपचाराला जाणार, हे त्या निर्णयाच्या बातमीत मी शोधून शोधून वाचलं. मला दिसलं नाही.

महिला मंडळाच्या काकूंना मी एक गोष्ट सुचवली होती, ती इथेही लिहितो. वस्तीतलं दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’चं मतदान आहे. बायांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी, मग मतदान, उभी बाटली की आडवी. ग्रामीण भागात बायांनी हे करून दाखवलं आहे. शहरात मात्र सह्या पडताळण्यातच महिने जातात, अर्धी नावं भाडेकरूंची म्हणून बाद होतात, आणि तोवर दुकानदार दुसऱ्या चौकात जागा बघतो. हा रस्ता तुम्ही सोपा केलात तर वय वाढवण्यापेक्षा शंभर पटींनी उपयोग होईल. काकू म्हणाल्या, ‘‘ते फार लांबचं काम आहे हो.’’ त्यांचं चूक नाही. सही करून निवेदन देणं एका दुपारीत होतं.

घरांबद्दलही एक ओळ लिहितो, म्हणजे सगळं सरकारच्या माथी मारलं असं होणार नाही. आमच्याच वस्तीत हळदीच्या रात्री टेरेसवर क्रेट चढतात. नवरदेवाचे मित्र सगळे विशीतले, क्रेटचे पैसे देणारा मामा पन्नाशीचा. वरातीत डीजेपुढे नाचणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली कशाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी हुंगत नाही. अल्पवयीनाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंतची कैद आहे. त्या मामाला हे कोणी सांगितलेलं नाही. निवेदनावर पहिल्या पाचात ज्यांच्या सह्या आहेत त्यांतल्या एकाच्या टेरेसवर मी स्वतः जेवलो आहे.

तर माझं मागणं हे. वयाचा आकडा आहे तिथेच राहू द्या. एक वर्षभर तो खरा करून बघा. दुकानात ओळखपत्र दाखवल्याशिवाय बिल निघणारच नाही अशी सोय बिलिंगच्या संगणकातच करा. पाच रुपयांचं ते पॅड एक तर कायमचं बंद करा किंवा त्या परवान्याला गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी जोडा. माझ्या मॅनेजरची दुपारची लेखनकला थांबेल. उत्पादन शुल्क खातं हातभट्टी पकडायला बनावट गिऱ्हाईक पाठवतंच, तसंच एकवीस-बावीसचं गिऱ्हाईक वाइन शॉपच्या खिडकीवर पाठवा. तो सापळा हिवाळी अधिवेशनापुरता नको, महिन्याला हवा. पहिल्यांदा विकली तर सात दिवस टाळं, दुसऱ्यांदा महिनाभर, आणि टाळं कशासाठी लागलं याची पाटी शटरवर मराठीत. दंड नको. दंड माझ्यासारखा माणूस खर्चात टाकतो आणि पुढच्या महिन्यात वसूल होतो. टाळ्याचा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून दुकानदार त्यालाच भितो. सगळ्या दुकानांना ते सारखं लागलं, तर ‘समोरचा देते न’ हे उत्तरही जाईल.

देशी दुकानं सकाळी दहाच्या आत उघडू देऊ नका. ठिय्यावरच्या त्या माणसाला दहा वाजेपर्यंत थरथर सुटेल, हे मला माहीत आहे; अवलंबून असलेल्याची दारू एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. म्हणून दुकानाची वेळ बदलायच्या आधी मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि महापालिकेचे दवाखाने इथे सकाळची व्यसनमुक्तीची ओपीडी सुरू करा, मजुराला रोजी बुडवावी लागणार नाही अशा वेळेला. त्यासाठी वाढीव करातला ठरावीक हिस्सा अर्थसंकल्पात नाव घालून बाजूला काढा. केवढा, ते तुम्ही ठरवा. शून्य मात्र नको.

वर्षाने आकडे बघा. खिडकीवर ओळखपत्र मागितलं जायला लागलं, आणि तरीही एकवीस-बावीसच्या पोरांमुळे घरं, रस्ते आणि कॉलेजं हैराण आहेत असं दिसलं, तर बिअरचं वय २५ करायला माझी ना नाही. त्या दिवशी मास्तरांच्या निवेदनावर मी सगळ्यात वर सही करीन. तोवर निवेदनाचा मसुदा बदलायला ते तयार असतील तर टाइप मी करून देतो, फी न घेता.

अधिवेशनाच्या काळात तुमच्यापैकी कोणाला वेळ असेल तर रात्री साडेनऊला या. अंगरक्षक, कार्यकर्ते नकोत, मफलर गुंडाळून या. दुकान तुम्हीच निवडा, शहरातलं कोणतंही. खिडकीच्या बाजूला चखन्याच्या ठेल्यापाशी अर्धा तास उभे राहू आणि किती जणांना वय विचारलं जातं ते मोजू. अंडी माझ्याकडून.

आपला,
एक कर सल्लागार
मानेवाडा रोड, नागपूर